ब्रिटनमध्ये घर मिळालं? आता आपल्या कौन्सिलचं कचऱ्याचं कॅलेंडर काढा

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी सांगते: कचऱ्याच्या बाबतीत मित्राचं ऐकू नका, आपल्या कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, वाचा. मित्र खोटं सांगत नसतो. त्याच्या पत्त्यासाठी ते खरं असतं, तुमच्या पत्त्यासाठी नसतं, एवढंच. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात कुणी विचारतं, "काळ्या बिनमध्ये (कचऱ्याच्या पेटीत) काय टाकायचं?" आणि लगेच पाच गावांतून पाच उत्तरं येतात. पाचही बरोबर असतात आणि विचारणाऱ्याच्या कामाचं त्यातलं बहुधा एकही नसतं.

मी राहते त्या ग्रेटर मँचेस्टरचंच पाहा. ट्रॅफर्डमध्ये, म्हणजे सेल, ऑल्ट्रिंगम, टिंपर्ली या भागांत, उरलासुरला कचरा राखाडी बिनमध्ये जातो. काळं बिन काचेच्या बाटल्या, डबे आणि प्लास्टिकच्या बाटल्यांसाठी आहे. तिथून थोड्याच अंतरावर चीडल आहे, पण ते स्टॉकपोर्ट कौन्सिलमध्ये येतं. तिथे काळं बिन म्हणजे साधा कचरा आणि बाटल्या-डब्यांसाठी तपकिरी बिन. सेलमधून चीडलला घर बदललेल्या माणसाने जुन्या सवयीने बाटल्या काळ्या बिनमध्ये टाकल्या, तर त्या सरळ जाळायला जातात. उलट दिशेने घर बदललं तर त्याहून वाईट: मुलांचे डायपर रिसायकलिंगच्या गाडीत जातात आणि सोबत गल्लीतल्या इतरांनी नीट वेगळं केलेलंही खराब होतं. सॅलफर्डमध्ये खरकटं आणि बागेचा कचरा गुलाबी झाकणाच्या बिनमध्ये जातो, ट्रॅफर्ड आणि स्टॉकपोर्टमध्ये हिरव्या.

लंडनच्या बाजूलाही हेच. केंटनमध्ये आपली बरीच कुटुंबं राहतात. तिथे रस्त्याच्या एका बाजूला हॅरो कौन्सिल आणि दुसऱ्या बाजूला ब्रेंट. ब्रेंटने ऑक्टोबर २०२३ मध्ये कागद-पुठ्ठ्यासाठी वेगळी निळी पिशवी सुरू केली, हॅरोत मात्र बरीच वर्षं सगळं सुकं रिसायकलिंग निळ्या बिनमध्ये एकत्रच जात आलं आहे. शेजारच्या हिलिंग्डनमध्ये अनेक घरांना बिनच नसतं. साध्या कचऱ्याला काळ्या पिशव्या आणि रिसायकलिंगला पारदर्शक. मिल्टन कीन्समध्ये आधी गुलाबी पिशव्या होत्या. सप्टेंबर २०२३ पासून चार बिनं आली: लाल झाकणाचं कागद-पुठ्ठ्याला, निळ्या झाकणाचं प्लास्टिक, धातू आणि काचेला, हिरवं खरकटं व बागेच्या कचऱ्याला आणि काळं उरलेल्याला. म्हणजे ब्रेंटमध्ये कागदासाठी निळा, मिल्टन कीन्समध्ये लाल. रंग पाठ करून काहीच उपयोग नाही.

मग सुरुवात कुठून करायची? घराचा ताबा मिळाला की त्याच दिवशी सरकारच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून आपली कौन्सिल कोणती ते बघा. कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, पत्र ज्यांच्याकडून येतं तीच. मग त्या कौन्सिलच्या साइटवर आपला पूर्ण पत्ता निवडून बिनचं कॅलेंडर उतरवून घ्या. नुसत्या पोस्टकोडवर थांबू नका, कारण एकाच रस्त्यावर फ्लॅटचा दिवस वेगळा आणि घरांचा वेगळा असू शकतो. बऱ्याच कौन्सिलांचं ॲप आहे, ते आदल्या संध्याकाळी आठवण करतं. ते नक्की घ्या. काही काउंटींमध्ये (इथल्या जिल्ह्यांमध्ये) कौन्सिलचे दोन थर असतात, हेही ध्यानात ठेवा. वॉटफर्डमध्ये दारातला कचरा वॉटफर्ड बरो कौन्सिल उचलते, पण मोठ्या वस्तू नेऊन टाकायची केंद्रं हार्टफर्डशर काउंटी कौन्सिल चालवते. तक्रार चुकीच्या ठिकाणी केली की दोन आठवडे फुकट जातात.

पुण्या-मुंबईहून आलेल्यांना सगळ्यात जड जातं ते वेळापत्रक. तिकडे रोज सकाळी घंटागाडी येते, किंवा 'स्वच्छ'च्या ताई दारातून ओला-सुका घेऊन जातात. इथे दारात कुणी येत नाही. साध्या कचऱ्याचं बिन बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांतून एकदा रिकामं होतं. इंग्लंडमध्ये बरी कौन्सिलने २०१४ मध्ये ते तीन आठवड्यांवर नेलं, स्कॉटलंडमध्ये फॉलकर्कनेही त्याच वर्षी. वेल्समधल्या कॉनवीत २०१८ पासून चार आठवड्यांतून एकदा. ऐकून धस्स होतं, पण यामागे हिशोब आहे. कौन्सिलला जमिनीत पुरायच्या प्रत्येक टनावर कर द्यावा लागतो. १९९६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा टनाला ७ पौंड होता, एप्रिल २०२५ पासून १२६ पौंडांच्या वर गेला. जाळण्यालाही पैसे पडतात. तो खर्च शेवटी आपल्याच कौन्सिल टॅक्समधून जातो, म्हणून साधं बिन लहान आणि लांबच्या अंतराने, आणि खरकटं व रिसायकलिंग जास्त वेळा, अशी रचना होत गेली. जो खरकटं आणि सुकं नीट वेगळं करतो त्याचं साधं बिन तीन आठवड्यांतही भरत नाही. माझ्या मते हा बदल योग्य आहे.

इंग्लंडमध्ये आता कायद्यानेही थोडी एकसारखी चौकट आली आहे. ३१ मार्च २०२६ ही तारीख घरांसाठी ठरवली गेली: खरकटं दर आठवड्याला वेगळं, कागद-पुठ्ठा, त्याशिवाय प्लास्टिक-धातू-काच आणि उरलेला कचरा. काही कौन्सिलांना गाड्यांच्या आणि जुन्या करारांच्या कारणाने पुढची मुदत मिळाली आहे. प्लास्टिकच्या पातळ पिशव्या आणि वेष्टनं ३१ मार्च २०२७ पर्यंत यात यायची आहेत. काय गोळा करायचं याची यादी जुळत चालली असली, तरी बिनांचे रंग, आकार आणि वार अजूनही प्रत्येक कौन्सिलचे स्वतःचेच आहेत. शिवाय हा इंग्लंडचा कायदा. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, आणि खरकटं वेगळं घेण्यात वेल्स कितीतरी वर्षं पुढे आहे.

खरकटं, तेल आणि आपलं स्वयंपाकघर

आपल्या घरात सगळ्यात जास्त कचरा तयार होतो तो स्वयंपाकघरात. कांद्या-लसणाची सालं, चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या, आंब्याच्या कोयी, मटणाची हाडं, माशांची डोकी, उरलेला भात, शिळी पोळी. हे सगळं खरकट्याच्या कॅडीत, म्हणजे झाकणाच्या डब्यात जातं, हाडंसुद्धा. ओट्यावर छोटी कॅडी ठेवायची आणि भरली की बाहेरच्या मोठ्या, कुलपी दांड्याच्या कॅडीत किंवा बिनमध्ये रिकामी करायची. तो दांडा पुढे ओढून बंद करा, नाहीतर रात्री कोल्हा येतो आणि सकाळी अंगणभर पसारा होतो. लंडनमध्ये हे सर्रास घडतं.

कॅडीत पिशवी कोणती घालायची, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो पण इथेही गावोगाव फरक आहे. खरकटं बागेच्या कचऱ्यासोबत जाऊन त्याचं खत होत असेल, तर फक्त कंपोस्ट होणारी पिशवी चालते. ग्रेटर मँचेस्टरमध्ये असंच आहे. पण खरकटं बंद टाकीत कुजवून त्यातून गॅस काढतात अशा अनेक ठिकाणी यंत्र आधी पिशवी फाडून बाजूला काढतं, म्हणून ब्रेडची रिकामी पिशवीही चालते. कौन्सिलच्या पानावर हे एका ओळीत लिहिलेलं असतं. तेवढी ओळ वाचली तर वर्षभर पिशव्यांचे पैसे वाचू शकतात.

उन्हाळ्यात मासे-कोळंबी केली की कॅडीत अळ्या होतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे टरफलं आणि डोकी वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवायची आणि गाडी यायच्या आदल्या रात्री बाहेर काढायची. कॅडी धुतल्यावर तळाला वर्तमानपत्राची घडी घातली की चिकटत नाही. करवंट्या काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी नाही. शंका असली तर त्या साध्या बिनमध्ये टाका.

तेलाबद्दल मात्र मी अगदी कळकळीने सांगते. दिवाळीत चकल्या-शंकरपाळे तळून झाल्यावर उरलेलं तेल मोरीत ओतू नका. गरम पाण्याबरोबरही नाही, साबणाबरोबरही नाही. इथल्या गटारांत थंडीने ते लगेच गोठतं आणि ओल्या वाइप्सना चिकटून दगडासारखं होतं. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलखाली असा एक गोळा सापडला होता: २५० मीटर लांब, सुमारे १३० टन वजनाचा. तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे गटारात उतरावं लागलं. घरच्या पातळीवर नाली तुंबली तर दुरुस्तीचा खर्च भाडेकरूच्या अंगावर येऊ शकतो. तेल थंड करून बाटलीत भरा आणि कौन्सिलच्या केंद्रावर न्या. बहुतेक केंद्रांवर खाद्यतेलाची वेगळी टाकी असते. कढईतलं थोडंसं उरलेलं कागदाने पुसून तो कागद कॅडीत टाकला तरी चालतं.

निर्माल्याचंही सांगून ठेवते, कारण गणपतीत दरवर्षी विचारणा होते. फुलं, दुर्वा, पानं बागेच्या कचऱ्याच्या बिनमध्ये चालतात, पण आधी दोरा, जर, प्लास्टिकची फुलं आणि तार काढून घ्या. नदीत किंवा कालव्यात सोडू नका. शाडूच्या मातीची मूर्ती घरीच बादलीत विरघळवून ती माती बागेत घालणं हा इथे सगळ्यात स्वच्छ मार्ग आहे. मखराचा थर्माकोल दारातल्या रिसायकलिंगमध्ये कुठेच चालेल असं धरू नका. तो साध्या बिनमध्येच जातो, म्हणून पुठ्ठ्याचं मखर करा. बागेच्या बिनला अनेक कौन्सिली वर्षाची वर्गणी घेतात. बाग लहान असेल तर दोन शेजाऱ्यांनी मिळून एकच घेतलं तरी भागतं.

सुक्या कचऱ्यात काय चुकतं

रिसायकलिंगच्या बिनमधल्या वस्तू स्वच्छ, कोरड्या आणि सुट्या असाव्यात. या तिन्हींपैकी 'सुट्या' हे आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतं. भारतात आपण कचरा पिशवीत गाठ मारून देतो आणि तो व्यवस्थितपणा समजतो. इथे काळ्या पिशवीत गाठ मारून टाकलेलं रिसायकलिंग बहुतेक ठिकाणी उघडलंच जात नाही. आत काय आहे ते छाननी केंद्रातल्या सरकत्या पट्ट्याजवळ उभ्या माणसाला दिसत नाही, म्हणून ती पिशवी थेट बाहेर काढली जाते. हो, यंत्रं असली तरी पट्ट्याजवळ माणसं उभी असतात. मँचेस्टरच्या शार्स्टनमध्ये असं छाननी केंद्र आहे. तिथे कुणाच्या तरी हातात आपला डायपर जाऊ नये, एवढा विचार बिनचं झाकण उघडताना प्रत्येकाने करावा असं मला मनापासून वाटतं.

डबे विसळायचे म्हणजे चकचकीत करायचे नाहीत. भांडी घासून झाल्यावर उरलेल्या पाण्यात एक हात फिरवला की पुरे. लोणच्याची तेलकट बरणी मात्र थोडी जास्त धुवा. बोरोसिल किंवा पायरेक्सची फुटलेली भांडी आणि पाण्याचे पेले बाटल्यांच्या काचेत टाकू नका. ती काच वेगळ्या तापमानाला वितळते आणि सगळी बॅच बिघडवते. ती वर्तमानपत्रात गुंडाळून साध्या बिनमध्ये टाका. पिझ्झाचं खोकं स्वच्छ असेल तर पुठ्ठ्यात, चीज चिकटलेला भाग फाडून बाजूला. ताकाच्या-दुधाच्या कार्टनचं काय करायचं हे पुन्हा गावावर अवलंबून आहे. ग्रेटर मँचेस्टरमध्ये कार्टन कागदाच्या निळ्या बिनमध्ये जात आले आहेत, तर अनेक ठिकाणी ते प्लास्टिक-डब्यांसोबत जातात. दह्याच्या डब्यांचंही तसंच. मँचेस्टरच्या परिसरात कित्येक वर्षं प्लास्टिकच्या फक्त बाटल्याच घेत, डबे-ट्रे नाही. लीड्समध्ये २०२४ संपता संपता हिरव्या बिनमध्ये काच घ्यायला सुरुवात झाली, तोपर्यंत बाटल्या रस्त्याकडेच्या पेट्यांत नेऊन टाकाव्या लागत. म्हणून जुन्या माणसाचा सल्ला कितीही अनुभवी असला तरी त्याची तारीख विचारा. माझाही.

बॅटऱ्या आणि व्हेप (ई-सिगारेट) कुठल्याच बिनमध्ये टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा लिथियमची बॅटरी फुटून पेट घेते आणि त्या आगीत बिनगाडीवरची माणसं अडकतात. मोठ्या सुपरमार्केटमध्ये प्रवेशाजवळ बॅटऱ्यांचा डबा असतो. खेळणी, रिमोट, जुने फोन यांतली बॅटरी आठवणीने काढा. निघत नसेल तर ती वस्तू तशीच केंद्रावर न्या.

सोफा, गादी आणि 'व्हॅनवाला'

घर बदलताना सगळ्यात मोठी अडचण जुन्या सोफ्याची आणि गादीची होते. सोफा फुटपाथवर ठेवून त्यावर 'मोफत' अशी चिठ्ठी लावणं हाही इथे बेकायदा कचरा टाकणंच आहे. इंग्लंडमध्ये त्यासाठी कौन्सिल १,००० पौंडांपर्यंत दंड लावू शकते.

याहून फसवी वाट म्हणजे फेसबुकवर भेटणारा स्वस्तातला व्हॅनवाला. तो ३० पौंडांत सगळं उचलतो आणि एखाद्या शेताच्या बांधावर टाकून जातो. तपासाला आलेल्या माणसाला त्या ढिगात तुमच्या नावाचं पाकीट सापडतं. कायद्याने घरमालकावर किंवा भाडेकरूवर जबाबदारी आहे की कचरा अधिकृत वाहकालाच द्यावा. तसं केलं नाही तर ६०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. वाहकाचा नोंदणी क्रमांक मागा, एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या यादीत तो फुकट तपासता येतो. गाडीचा नंबर टिपा आणि पावती घ्या.

सरळ मार्ग असे आहेत. कौन्सिल पैसे घेऊन मोठ्या वस्तू उचलते, तारीख आधी ठरवावी लागते. सोफा चांगला असेल आणि त्यावर आगप्रतिबंधाचं लेबल शिल्लक असेल तर ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसारख्या संस्था घरून घेऊन जातात. म्हणून ते लेबल कधीही कापू नका. 'फ्रीगल', 'फ्रीसायकल' या वस्तू फुकट देण्या-घेण्याच्या साइटवरही वस्तू पटकन जातात. नवीन फ्रिज किंवा धुण्याचं यंत्र घेताना जुनं परत नेण्याबद्दल दुकानदाराला विचारा. बाकी सगळ्यासाठी कौन्सिलचं केंद्र, ज्याला इथे सगळे 'टिप' म्हणतात. अनेक टिपांवर आता वेळ आरक्षित करावी लागते, पत्त्याचा पुरावा दाखवावा लागतो आणि भाड्याची व्हॅन असेल तर आधी परवाना काढावा लागतो. घरच्या किरकोळ दुरुस्तीतल्या विटा-फरशांसाठी इंग्लंडमधल्या कौन्सिलांना २०२३ च्या अखेरपासून शुल्क लावता येत नाही, पण त्याला प्रमाणाची मर्यादा आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी इमारतीची देखभाल बघणाऱ्या मॅनेजिंग एजंटकडे बिनच्या खोलीची किल्ली आणि कोड मागा. तिथे सगळ्यांची बिनं एकच असतात. एका घराने चुकीचं टाकलं तर गाडी पूर्ण बिन सोडून जाते आणि दोन आठवडे साऱ्या इमारतीला वास सोसावा लागतो. नवीन भाडेकरू आला की त्याच्या दारावर कौन्सिलचं पत्रक चिकटवण्याचं काम आमच्या ओळखीच्या एका इमारतीत आपल्याच मंडळींनी अंगावर घेतलं आहे. तिथे असे प्रकार बरेच कमी झाले.

बिन बाहेर ठेवायची वेळ बहुतेक ठिकाणी सकाळी सहा किंवा सातच्या आधीची असते, म्हणून आदल्या रात्रीच ठेवा. झाकण पूर्ण बंद आणि दांडा रस्त्याकडे. बिनशेजारी ठेवलेली जास्तीची पिशवी बहुधा उचलत नाहीत. बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) वार एक दिवस पुढे सरकू शकतो आणि नाताळच्या दोन आठवड्यांत तर सगळंच वेळापत्रक बदलतं, तेव्हा डिसेंबरच्या सुरुवातीला नवं कॅलेंडर बघा. बिनवर घर क्रमांक रंगवून ठेवा. परत आणलेल्या बिनवर कागद लटकवलेला असेल तर तो वाचा, काय चुकलं ते त्यावर लिहिलेलं असतं. गाडी आलीच नाही तर दिवस संपल्यावर लगेच साइटवर नोंदवा. बऱ्याच कौन्सिली दोन कामाच्या दिवसांनंतरची तक्रार घेत नाहीत.

घरात पाच-सहा माणसं असतील किंवा डायपरमधली मुलं असतील तर मोठ्या बिनसाठी अर्ज करता येतो. हे फार थोड्यांना माहीत असतं. भारतातून आई-वडील राहायला आले असतील, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, कुणी गरोदर असेल आणि बिन ओढून रस्त्यापर्यंत नेणारं दुसरं कुणी नसेल, तर 'असिस्टेड कलेक्शन'ची मागणी करा. त्यात बिनवाले आत येऊन बिन नेतात आणि जागेवर आणून ठेवतात. त्याला शुल्क नसतं, एक फॉर्म भरावा लागतो आणि वर्षा-दोन वर्षांनी तो पुन्हा भरायचा असतो.